परदेशातल्या गोंयकारांच्या वाचनालयाला पुस्तकं दान करायची आहेत. पुण्यातून कशी पाठवावीत?

तुमच्या आजोबांची तीनेकशे पुस्तकं आहेत, ती परदेशी गेलेल्या गोंयकारांना, म्हणजे गोव्याच्या माणसांना मिळावीत, आणि कुठलं कुरियर स्वस्त पडेल, असं तुम्ही विचारलंय. कुरियरचं नंतर बघू. आधी सांगा, पुस्तकं कुठल्या लिपीत आहेत?

हसू नका. याच एका गोष्टीवरून मी आणि माझे थोरले बंधू गेली दहा वर्षं गणपतीतल्या आरतीपुरते एकत्र येतो.

आम्ही मूळचे फोंड्याचे. बाबा गोवा मुक्त व्हायच्या आधीच नोकरीसाठी पुण्यात आले, खडकीला लागले आणि नारायण पेठेत दोन खोल्यांत संसार थाटला. घरात कोंकणी बोलायची, पण वाचायचं-लिहायचं मराठीत. बाबा कट्टर विलीनीकरणवादी, म्हणजे गोवा महाराष्ट्रात यावा म्हणणारे. त्यावर १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात झालेल्या जनमत कौलात पुण्यात राहणाऱ्या बाबांना मत नव्हतंच, पण विलीनीकरण ३४,०२१ मतांनी पडलं हा आकडा त्यांना आमच्या दहावीच्या टक्क्यांपेक्षा जास्त पाठ होता. निकाल कळला त्या दिवशी ते जेवले नव्हते, असं आई सांगायची.

आणि हेच बाबा दर रविवारी सायकल काढून कॅम्पात जायचे. क्वार्टर गेटच्या पलीकडे त्यांचे एक मित्र राहायचे, गोव्यातल्या साष्टीचे, जन्मभर बोटीवर काम करून निवृत्त झालेले तारवटी. बोट लागेपर्यंत मुंबईत धोबी तलावच्या गावच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या मुक्कामाच्या जागेत, ट्रंकेला टेकून ते रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणी कादंबऱ्या वाचायचे, रोमांस म्हणायचे त्याला. मुंबईत छापलेली, खिशात मावणारी, भागाभागांनी निघणारी पुस्तकं. बाबांना रोमी वाचायला त्यांनीच शिकवलं. मी दांडीवर बसून जायची, त्यामुळे थोडं मलाही आलं. एक्स दिसला की 'श' म्हणायचं. एक्स-आय-टी म्हणजे शीत, म्हणजे भात. बाबा अडखळले की हे काका म्हणायचे, "वाच मरे, वाच!" आणि मला श्रूजबरी बिस्कीट मिळायचं.

काका गेले तेव्हा त्यांची एक पत्र्याची ट्रंक आमच्याकडे आली. तियात्रातल्या, म्हणजे कोंकणी नाटकांतल्या, कांतारांच्या (गाण्यांच्या) पुस्तिका, चर्चच्या फेस्ताची स्मरणिका, आणि हे रोमांस.

बाबा २०१४ साली गेले. बंधूंनी ठरवलं की बाबांचा ग्रंथसंग्रह इंग्लंडमधल्या एका गोंयकार मंडळाच्या वाचनालयाला द्यायचा. मला न विचारता. मराठी कादंबऱ्या, संतवाङ्मय, दिवाळी अंक, सगळं मिळून सहा खोकी, समुद्रमार्गे, एकवीस हजार रुपये. आणि ट्रंक? "ही एबीसीडीतली कोंकणी कोण वाचणार? बाबा मराठीवादी होते." ट्रंक रद्दीत गेली. किलोला नऊ रुपये. ट्रंकेचे वेगळे ऐंशी मिळाले, हेही त्यांनी कौतुकाने सांगितलं.

सात महिन्यांनी मंडळाची ईमेल आली. फार अदबीची. पुस्तकांबद्दल आभार, पण आमच्या सभासदांत देवनागरी वाचणारे मोजकेच आहेत, मराठी वाचणारे त्याहून कमी, आणि आमचं वाचनालय म्हणजे हॉलमधलं एक कपाट आहे. खोकी ठेवायला जागा नाही. शेवटी एक ओळ: रोमी रोमांस किंवा कांतारांची पुस्तकं असतील तर वडीलधारी मंडळी फार विचारतात.

मी ती ओळ बंधूंना फोनवर दोनदा वाचून दाखवली. ते म्हणाले, "मग त्यांनी देवनागरी शिकावी."

हे वाक्य ऐकून माझं डोकं जे फिरलं ते अजून फिरलेलंच आहे. कोंकणीतलं पहिलं नियतकालिक, एदुआर्द ब्रुनो द सोझांचं 'उदेंतेचें साळक', १८८९ साली निघालं ते पुण्यातून, आणि रोमी लिपीत. पुण्यात बसून रोमीला रद्दी म्हणणाऱ्याला हे कुणी सांगायचं? गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला मान दिला, मराठीलाही सरकारी कामात जागा दिली, रोमीला काही नाही. म्हणून ती वाचणारी माणसं नाहीशी होतात का? उलट तीच जास्त परदेशी गेली.

आता तुमच्या कामाचं. 'परदेशातले गोंयकार' अशी एक जमात नाही. नैरोबी, कंपाला, दार-ए-सलामला गेलेली पिढी आणि तिथून पुढे इंग्लंड-कॅनडाला पोचलेली मुलं प्रामुख्याने इंग्रजी वाचतात. पोर्तुगीज पासपोर्टवर अलीकडे इंग्लंडात स्विंडनला गेलेल्यांच्या घरात कोंकणी जिवंत आहे, पण वाचायची झाली तर बऱ्याचदा रोमी. मराठी वाचणारा गोंयकार शोधायचा तर गोवा, नाहीतर मुंबई, पुणे, बेळगाव. म्हणून मराठी पुस्तकं सरळ इथल्याच वाचनालयात द्या. जुनी, दुर्मीळ, पोर्तुगीज वगैरे असतील तर पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाला विचारा. १८३२ पासूनचं आहे ते, इंग्लंडमधल्या हॉलच्या कपाटापेक्षा तिथे नीट राहतील. देशातल्या देशात मे २०२५ पासून पोस्टाची 'ज्ञान पोस्ट' आहे, ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून ५ किलोला १०० पर्यंत, वर कर. नियतकालिकं त्यात चालत नाहीत, तेव्हा दिवाळी अंक कोंबू नका.

परदेशी पाठवायचंच असेल तर आधी यादी पाठवा. नाव, लेखक, साल, लिपी, आणि मुखपृष्ठाचा फोटो. त्यांनी खुणा करून पाठवलं तेवढंच बांधा. कसर लागलेलं एक पुस्तक सगळं कपाट खातं, ते घरीच ठेवा. आणि कुरियरचे पैसे स्वतः भरा. दान करून हमालीचं बिल दुसऱ्याला पाठवणारे मी पाहिलेत. (बंधू नव्हेत. तेवढं खरं बोलायला हवं, एकवीस हजार त्यांनीच भरले.)

माझा अनुभव एका मंडळाचा, हे मान्य. लिस्बन किंवा टोरांटोकडे वेगळं चित्र असू शकेल. आणि गोव्यात हल्ली शाळेत देवनागरी कोंकणी शिकलेली पोरंही बाहेर जाताहेत, त्यांना ती पुस्तकं हवी असतील. विचारा म्हणजे कळेल. बंधूंनी विचारलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

रद्दीवाल्याला गाठेपर्यंत माल पुढे गेला होता. त्याने सांगितलं म्हणून चार रविवार जुन्या बाजारात फिरले. चौदा पुस्तिका मिळाल्या, दामदुपटीने विकत घेतल्या. विचारून, यादी करून इंग्लंडला पाठवल्या. महिन्याभराने तिथल्या बाईंचा फोन आला. शनिवारी जमून एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात म्हणाल्या. एका रोमांसचा पहिलाच भाग आलाय, बोटीवरच्या कुकची गोष्ट, तो मुंबईला उतरतो तिथे संपतो. दुसरा भाग आहे का?

मुखपृष्ठ फाटलेलं होतं, नाव मलाही माहीत नाही. तुमच्या आजोबांच्या पुस्तकांत रोमीतलं काही निघालं तर कुरियरआधी मला कळवा.