प्लगइनचा क्लास बरोबर असूनही इज-सबक्लास ‘फॉल्स’ का देतं, आणि सेटिंगमधल्या नावावरून मॉड्यूल लोड करणं सुरक्षित आहे का?

प्रश्न मला असा कळला: पायथनमधल्या तुमच्या प्रोग्रॅमची मुख्य फाइल ‘ॲप’, तिच्यातच ‘प्लगइन’ नावाचा बेस क्लास. शेजारच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलमध्ये त्या बेसपासून काढलेला एकेक क्लास. कोणती फाइल लोड करायची ते नाव सेटिंगमधून येतं, इम्पोर्टलिब (नावावरून मॉड्यूल, म्हणजे पायथनची फाइल, लोड करणारी पायथनचीच लायब्ररी) वापरून तुम्ही ते मॉड्यूल लोड करता आणि मग इज-सबक्लासने, म्हणजे ‘हा क्लास त्या क्लासपासून काढलेला आहे का’ हे सांगणाऱ्या फंक्शनने, तपासता. इनहेरिटन्स डोळ्यांना स्पष्ट दिसतोय, तरी उत्तर ‘फॉल्स’. शिवाय, ही तपासणी असल्यावर परकी फाइल आली तरी धोका नाही ना, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी, प्रोग्रॅम बंद न करता प्लगइन रीलोड करता येईल का.

पहिल्याचं थेट उत्तर: तुमच्या प्रोसेसमध्ये ‘प्लगइन’ हा क्लास एक नाही, दोन आहेत. दुसऱ्याचं उत्तर ‘धोका आहे’. तिसऱ्याचं ‘येईल, पण करू नका’. तिन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायथनमध्ये क्लासची व्याख्या ही नुसती घोषणा नसते, ती चालणारी ओळ असते. ती ओळ जितक्या वेळा चालेल तितके क्लास तयार होतात, नाव आणि मजकूर अगदी सारखा असला तरी. इज-सबक्लास नाव बघत नाही. तुमच्या क्लासच्या पूर्वजांच्या यादीत नेमका तोच ऑब्जेक्ट आहे का, एवढंच ते बघतं.

मग ओळ दोनदा चालली कशी? एखादं मॉड्यूल इम्पोर्ट करायचं झालं की पायथन आधी सिस-मॉड्यूल्स नावाच्या डिक्शनरीत त्या नावाने बघतो. सापडलं तर तेच देतो, नाही सापडलं तर फाइल शोधून चालवतो. तुम्ही ‘ॲप’ ही फाइल थेट चालवता तेव्हा तिची नोंद ‘ॲप’ या नावाने होत नाही, ‘डंडर मेन’ या नावाने होते (डंडर म्हणजे नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर). पुढे प्लगइनच्या फाइलमध्ये ‘ॲपमधून प्लगइन इम्पोर्ट कर’ ही ओळ येते. ‘ॲप’ नावाची नोंदच नाही, म्हणून पायथन तीच फाइल पुन्हा पहिल्यापासून चालवतो आणि दुसरा ‘प्लगइन’ जन्माला येतो. तुमच्या फाइलने वारसा घेतला या दुसऱ्याकडून, तुम्ही तपासताय पहिल्याशी. फाइलच्या शेवटी ‘नाव डंडर मेन असेल तरच चालव’ ही नेहमीची अट तुम्ही लावली असणार, त्यामुळे दुसऱ्या वेळी प्रोग्रॅम सुरू होत नाही आणि हा सगळा प्रकार गुपचूप पार पडतो.

खात्री करायला तपासणीच्या ओळीआधी दोन गोष्टी प्रिंट करा: तुमच्या हातातला ‘प्लगइन’, आणि लोड झालेल्या क्लासच्या एमआरओमधला, म्हणजे पूर्वजांच्या क्रमवार यादीतला, ‘प्लगइन’. एकापुढे ‘डंडर मेन डॉट प्लगइन’ दिसेल, दुसऱ्यापुढे ‘ॲप डॉट प्लगइन’.

उपाय सोपा आहे. बेस क्लास स्वतंत्र फाइलमध्ये हलवा, आणि ती फाइल कधीही थेट चालवू नका. सगळं एका पॅकेजमध्ये ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी बेसचा इम्पोर्ट एकाच पूर्ण नावाने करा. हे शेवटचं फार महत्त्वाचं. पॅकेजचा आतला फोल्डर कुणी सिस-पाथमध्ये, म्हणजे पायथन मॉड्यूल जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, घातला असेल, तर ‘पॅकेज डॉट बेस’ आणि नुसतं ‘बेस’ ही दोन वेगळी मॉड्यूल ठरतात आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर. प्रोग्रॅम सुरू करताना फाइलचा पाथ देण्याऐवजी ‘डॅश एम’ पर्यायाने पॅकेजचं नाव द्या.

हे दुरुस्त केल्यावर लगेच दुसरी अडचण येईल, ती आत्ताच सांगतो. प्लगइनच्या मॉड्यूलमधली सगळी नावं चाळून ‘जो सबक्लास असेल तो घे’ असं तुम्ही करताय. पण त्या फाइलने बेस इम्पोर्ट केलेला असतो, म्हणजे बेसही त्याच नावांमध्ये बसलेला असतो, आणि इज-सबक्लासच्या लेखी प्रत्येक क्लास हा स्वतःचाही सबक्लास असतो. चाळणीतून बेसच हाती लागेल. ‘बेस वगळ, आणि क्लासचं डंडर मॉड्यूल (तो ज्या मॉड्यूलमध्ये लिहिलाय त्याचं नाव) या मॉड्यूलच्या नावाशी जुळलं तरच घे’ अशी अट घालून हे सुटतं. माझं मत मात्र असं की चाळूच नये. प्रत्येक प्लगइनने ठरलेल्या एकाच नावाने आपला क्लास समोर ठेवावा, आणि तुम्ही फक्त तेवढंच नाव मागावं. वाचणाऱ्यालाही ते लगेच कळतं.

काही जण तुम्हाला ‘डंडर इनिट सबक्लास’ सुचवतील. पायथन ३.६ पासून ही सोय आहे: बेसपासून नवा क्लास तयार झाला की बेसमधलं हे मेथड आपोआप चालतं, त्यात क्लासची नोंद करून टाकता येते. सुबक आहे, पण लोडिंगशी तिचा एक सांधा कच्चा आहे. समजा प्लगइनच्या फाइलमध्ये क्लास दहाव्या ओळीवर आहे आणि चाळिसाव्या ओळीवर एरर आली. इम्पोर्ट फसला म्हणून पायथन ते मॉड्यूल सिस-मॉड्यूल्समधून काढून टाकतो. पण तुमच्या यादीत दहाव्या ओळीलाच झालेली नोंद तशीच राहते. अर्धवट लोड झालेल्या फाइलचा क्लास आता वापरायला तयार दिसतो, आणि तो कुठेतरी भलतीकडे फुटतो. म्हणून नोंद करायची ती लोड पूर्ण झाल्यावर, लोड करणाऱ्या कोडने.

एररबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्या कोडमध्ये इम्पोर्ट-एरर पकडून पुढे जायचं असं लिहिलेलं दिसतंय. याने खरी कारणं गाडली जातात. ‘अहवाल’ नावाचं प्लगइन नसणं ही एक गोष्ट; ‘अहवाल’ आहे, पण त्याला लागणारी पीडीएफची लायब्ररी बसवलेली नाही, ही अगदी वेगळी गोष्ट. दोन्हीत एकच मॉड्यूल-नॉट-फाउंड-एरर येते. त्या एररच्या ऑब्जेक्टवर ‘नेम’ नावाचं ॲट्रिब्यूट असतं, न सापडलेल्या मॉड्यूलचं नाव त्यात मिळतं. ते तुम्ही मागितलेल्या पूर्ण नावाशी जुळलं तरच ‘प्लगइन नाही’ म्हणा. नाहीतर एरर वर जाऊ द्या, पूर्ण ट्रेसबॅकसकट, म्हणजे ती कुठून आली त्या नोंदीसकट.

आता सुरक्षिततेकडे, आणि इथे मला आग्रहाने सांगायचंय. इम्पोर्ट म्हणजे फाइल वाचणं नव्हे, चालवणं. पायथनसोबतच ‘अँटीग्रॅव्हिटी’ नावाचं एक गमतीचं मॉड्यूल येतं. ते नुसतं इम्पोर्ट केलं की ब्राउझर उघडतो. कुठलंही फंक्शन बोलवावं लागत नाही. तुमच्या सेटिंगमधलं नाव तपासल्याशिवाय थेट लोड होत असेल, तर सेटिंग बदलू शकणारा माणूस हेच नाव टाकू शकतो, किंवा सिस-पाथवर असलेलं कुठलंही. इज-सबक्लासची पाळी येईपर्यंत जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. ती तपासणी ठेवा, पण चुकीचा प्लगइन ओळखण्यासाठी. दुष्ट प्लगइन तिने अडत नाही.

मग आधीच फाइल तपासावी का? एएसटी मॉड्यूलने फाइल न चालवता तिची रचना वाचता येते, त्यात कोणते क्लास आहेत ते कळतं. त्यावरून ‘हा कोड निरुपद्रवी आहे’ असं ठरवता येत नाही. ‘धोकादायक फंक्शन काढून टाकलेल्या वातावरणात चालवू’ हा मार्गही बंद आहे, आणि तो बंद करणाऱ्यांत इनहेरिटन्स आहेच. एक रिकामा टपल घ्या. त्याचा क्लास विचारा, त्या क्लासचा बेस विचारा, तुम्ही ‘ऑब्जेक्ट’पाशी पोचता. ‘ऑब्जेक्ट’ला त्याचे सबक्लास विचारा, आणि इंटरप्रिटरमध्ये त्या घडीला असलेले त्याचे सगळे थेट वारस समोर येतात. तिथून फाइल उघडणाऱ्या किंवा मॉड्यूल लोड करणाऱ्या क्लासपर्यंत जायला एकही इम्पोर्ट लागत नाही. पायथनमध्ये पूर्वी मर्यादित वातावरणासाठी आरएक्झेक आणि बॅस्टियन अशी मॉड्यूल होती. बुजवता न येणारी भोकं निघाल्यामुळे ती २.३ मध्ये निकामी केली गेली, आणि पायथन ३ मध्ये ती नाहीतच. अनोळखी माणसाचा कोड चालवायचाच असेल तर वेगळी प्रोसेस, वेगळा युजर, कमीत कमी परवानग्या. ती भिंत ऑपरेटिंग सिस्टिमने घालायची असते, भाषेने नाही.

तुमच्या बाबतीत एवढं लागणार नाही असं वाटतं, कारण प्लगइन तुमच्याच टीमने लिहिलेली आहेत. तुम्हाला नावावर ताबा हवा. कोडमध्ये एक डिक्शनरी ठेवा: डावीकडे सेटिंगमध्ये लिहायचं छोटं नाव, उजवीकडे मॉड्यूलचं पूर्ण नाव. सेटिंगमधलं नाव डिक्शनरीत नसेल तर तिथेच थांबा. नवीन प्लगइन आलं की एक ओळ वाढवावी लागते, आणि ती ओळ कोड रिव्ह्यूमधून जाते, हे मला उलट सोयीचं वाटतं. बाहेरच्या लोकांनी प्लगइनचं पॅकेज करून बसवावं अशी गरज पुढे पडली, तर एंट्री पॉइंट्स (बसवलेल्या पॅकेजने आपली प्लगइन जाहीर करायची पायथनची सोय) वापरा. त्यासाठीचं इम्पोर्टलिब-मेटाडेटा ३.८ पासून भाषेसोबतच येतं. तिथेही लोड म्हणजे कोड चालवणंच. फक्त काय बसवायचं हा निर्णय मशीन सांभाळणाऱ्याच्या हाती जातो.

एक गोष्ट लोक विसरतात: नाव सुरक्षित असलं तरी त्या नावाची फाइल कुठून उचलली जाते? स्क्रिप्ट थेट चालवली की तिचा फोल्डर सिस-पाथमध्ये सगळ्यात पुढे असतो. त्या फोल्डरात दुसऱ्या कुणाला लिहिता येत असेल, तर तो ‘रँडम’ नावाची फाइल ठेवून देईल आणि मूळ लायब्ररीऐवजी तीच लोड होईल. ३.११ पासून ‘डॅश कॅपिटल पी’ पर्यायाने ही पुढची जागा काढून टाकता येते. मात्र मग शेजारची ‘बेस’ फाइलसुद्धा सापडणार नाही, म्हणून पॅकेज रीतसर इन्स्टॉल करूनच हा पर्याय लावा.

आता रीलोड. रीलोड केल्यावर मॉड्यूलचा ऑब्जेक्ट तोच राहतो, पण आतला कोड पुन्हा चालतो, म्हणजे क्लास नवे. आधी तयार झालेली इन्स्टन्स, म्हणजे क्लासपासून बनवलेले ऑब्जेक्ट, जुन्या क्लासचीच राहतात. दुसऱ्या फाइलने नाव काढून घेतलेलं असेल तर तिच्याकडेही जुनाच क्लास उरतो. आणि चुकून बेसचं मॉड्यूल रीलोड झालं, तर आधी लोड झालेली सगळी प्लगइन एका झटक्यात परकी होतात, इज-सबक्लास पुन्हा ‘फॉल्स’ देऊ लागतं. म्हणून प्रोसेस बंद करून नव्याने सुरू करणं हाच मार्ग मी घेतो. प्रोग्रॅम चालूच ठेवायचा असेल तर प्लगइन वेगळ्या चाइल्ड प्रोसेसमध्ये चालवा आणि बदल झाला की फक्त तेवढी प्रोसेस बदला. डेव्हलपमेंट करताना रीलोड वापरलंत तरी ते फक्त प्लगइनच्या मॉड्यूलवर वापरा, आणि त्या प्लगइनची जुनी इन्स्टन्स आधी टाकून द्या.