स्लॅशरचा गिअरबॉक्स सारखा जातोय? आधी सेफ्टी बोल्ट, सील आणि शाफ्ट बघा, मग दुकानात जा

नमस्कार शेतकरी बंधूंनो. ऊसतोडी सुरू झाल्या की पाचट कुट्टीचे प्रश्न येतातच, पण यावेळी आलेले तिन्ही प्रश्न गिअरबॉक्सचेच आहेत म्हणून एकत्रच उत्तर देतो. वाळव्याचे एक बंधू विचारतात, पाच फुटी रोटरी स्लॅशरचा (ट्रॅक्टरमागचं, फिरत्या ब्लेडने पाचट बारीक करणारं मशीन) गिअरबॉक्स एका हंगामात दोनदा फुटला, सेफ्टी बोल्ट सारखा तुटतो, दुकानदार म्हणतो कडक बोल्ट टाका, टाकू का? माळशिरसहून प्रश्न आहे की गिअरबॉक्सखालून तेल गळतंय, सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) दोनदा बदललं, आता ग्रीस भरायला सांगतायत. आणि इंदापूरचे एक दादा म्हणतात ट्रॅक्टर भाड्याचा दुसरा आणला तेव्हापासून मशीन उचललं की गिअरबॉक्समधून कडकड आवाज येतो.

पहिलं उत्तर, कडक बोल्ट टाकू नका. अजिबात नाही. तो बोल्ट तुटण्यासाठीच दिलेला आहे, ब्लेड दगडावर किंवा बुडख्यावर आदळलं की तो झटका शाफ्टमधून गिअरबॉक्समध्ये जायच्या आत बोल्टने तुटायचं आणि गिअर वाचवायचा, एवढंच त्याचं काम. बोल्ट पाच-पन्नास रुपयांत येतो, पिनियन आणि क्राऊनची (गिअरबॉक्समधल्या दोन मुख्य दातेरी चाकांची) जोडी बदलायला किती जातात ते वाळव्याच्या बंधूंना मी सांगायची गरज नाही. बोल्टच्या डोक्यावर मजबुतीचा आकडा असतो, 4.6, 8.8, 10.9 असा, मशीनच्या पुस्तकात जो लिहिलाय तोच घ्या, जाडीही तीच. पुस्तक हरवलं असेल तर तुटलेल्या मूळ बोल्टचं डोकं खिशात घालून दुकानात जा. तिथे 8.8 मागितला की वरचढ म्हणून 10.9 हातात देतात, "आता तुटायचाच नाही" म्हणतात, बरोबर आहे, बोल्ट तुटत नाही, मग गिअरचे दात तुटतात. बोल्टच्या जागी खिळा, सळईचा तुकडा, वेल्डिंगचा टाका हेही मी बऱ्याच शेतांत बघितलंय आणि त्यातले बहुतेक गिअरबॉक्स नंतर लेथवाल्याकडे उघडे पडलेले बघितलेत.

आता बोल्ट सारखा का तुटतो ते बघा, खरं दुखणं तिथे आहे. बहुतेक वेळा मशीन फार खाली लावलेलं असतं आणि ब्लेड वरंब्याची माती खातं. स्लॅशर म्हणजे रोटाव्हेटर नाही. ब्लेड जमिनीपासून दोन-तीन इंच वर चाललं पाहिजे, पाचट बारीक करायचं, माती उकरायची नाही. "एका फेरीत पाचट पण आणि बुडखे पण" असं सांगून मशीन विकतात, ते ऐकू नका, बुडखे जमिनीलगत कोयत्याने नाहीतर बुडखे छाटायच्या वेगळ्या मशीनने घ्या. दुसरं कारण म्हणजे ट्रॅक्टर पूर्ण रेसवर ठेवून पीटीओ (मशीनला ताकद देणारा ट्रॅक्टरचा मागचा फिरता दांडा) एकदम टाकणं. पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांचा म्हणजे सेकंदाला 9 फेऱ्या, जड ब्लेड थांबलेलं असताना त्याला एका झटक्यात तिथे नेलं तर दात रडणारच. रेस कमी ठेवा, मशीन पाचटातून थोडं उचला, पीटीओ हळू गुंतवा, मग रेस वाढवत 540 ला न्या आणि मग खाली सोडा. ज्या ट्रॅक्टरला 1000 चा पीटीओ पण आहे तिथे लिव्हर नीट बघा, 540 च्या मशीनला 1000 लावलं तर काही तासांत खेळ आटोपतो.

ब्लेड एकच बदलू नका, जोडीनेच बदला आणि वजन करून. एक नवं एक झिजलेलं असलं की मशीन थरथरतं आणि ती थरथर सरळ खालच्या बेअरिंगवर जाते.

माळशिरसचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण गिअरबॉक्स जास्त मरतात ते तेलाने, आणि दिसत नाही म्हणून मरतात. मागे एका शेतात असंच मशीन बघायला गेलो होतो, दोनदा नवं सील टाकून परत गळत होतं. इंजिन बंद केलं, चावी काढली, मशीनखाली लाकडी ठोकळे लावले (हे केल्याशिवाय कुणी खाली हात घालायचा नाही, नुसत्या हायड्रॉलिकवर भरवसा नको) आणि ब्लेडची प्लेट सोडवली. आत शाफ्टभोवती ठिबकची नळी गुंडाळून गुंडाळून, तापून वितळून एकजीव झालेली, काळी बांगडी घातल्यासारखी, आणि तिच्यात सुतळी आणि थोडी बारीक तार. त्या बांगडीने सीलची ओठासारखी कड पार कापून टाकलेली. नवं सील दोन्ही वेळा त्याच कचऱ्यावर बसवलं होतं. मेकॅनिकने प्लेट काढून साफच केलं नव्हतं. तर सील बदलण्याआधी प्लेट काढून शाफ्ट साफ करा, शाफ्टवर सीलच्या जागी खाच पडलीय का नखाने बघा, खाच असेल तर नवं सीलही टिकणार नाही, आधी शाफ्ट दुरुस्त करा. आणि मशीन घालण्याआधी ठिबकच्या नळ्या गोळा करा, तुटलेले तुकडे वेचा. हे एक काम केलं तरी निम्मी गळती थांबते.

दुसरी जागा म्हणजे ब्रीदर, गिअरबॉक्सच्या वरचं छोटं भोकाचं झाकण. ते धूळ आणि पाचटाच्या भुशाने बुजलं की आत तापलेल्या हवेला वाट राहत नाही, मग दाब सीलवर येतो आणि तेल खालून निघतं. रोज फडक्याने पुसा.

ग्रीस? भरू नका. फिरणारा गिअर ग्रीस एकदा बाजूला फेकतो आणि ते तिथेच चिकटून राहतं, वरच्या बेअरिंगला काही मिळत नाही, उष्णताही वाहून जात नाही. ज्या मशीनच्या पुस्तकातच पातळ ग्रीस लिहिलंय त्यांची गोष्ट वेगळी. बाकी बहुतेकांना 90 नंबरचं ईपी (जास्त दाब सोसणारं) गिअर ऑईल. गळतं म्हणून 140 भरू नका, इंजिनचं जुनं जळकं तेल तर नकोच नको. आणि काठोकाठ भरू नका! "जास्त असलेलं बरं" हा सल्ला फवारणीत जसा पिकाला भोवतो तसा इथे सीलला भोवतो, तापलं की तेल फुगतं आणि जागा नसली की सील ढकलून बाहेर येतं. मशीन सपाट जागी, थंड असताना, बाजूचा लेव्हल प्लग काढा, भोकाच्या कडेपर्यंत तेल आलं की बस, थांबा. पुस्तकात वेगळं काही नसेल तर नव्या मशीनचं पहिलं तेल साधारण 50 तासांनी बदला, कारण नवे दात एकमेकांवर घासून बारीक चुरा सोडतात. काढलेलं तेल डब्यात घेऊन चुंबक फिरवा, बारीक राखेसारखा चुरा चालतो, चमकते कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर मशीन उघडा. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय, लगेच बदला.

इंदापूरचे दादा, तुमचं दुखणं पीटीओ आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या शाफ्टच्या लांबीत दिसतंय. एका ट्रॅक्टरला बसलेला शाफ्ट दुसऱ्याला लांब पडतो, मशीन उचललं की आतली नळी बाहेरच्या नळीच्या बुडाला टेकते आणि सगळा जोर पिनियनच्या बेअरिंगवर जातो. "सगळ्या ट्रॅक्टरला चालतो" हे दुकानदाराचं वाक्य आहे, ट्रॅक्टरचं नाही. इंजिन बंद ठेवून मशीन पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून मापा, सगळ्यात आखूड होतो तिथेही दोन-तीन सेंटीमीटर मोकळं राहिलं पाहिजे आणि सगळ्यात लांब होतो तिथे नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश तरी अडकून राहिल्या पाहिजेत. लांबी जास्त असेल तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही गार्ड सारखेच कापायचे, कानस मारायची, ग्रीस लावायचं. दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आहेत का तेही बघा, लेथवाला घाईत उलटे बसवतो. वळताना पीटीओ चालू ठेवून मशीन उंच उचलू नका, कडकड तिथूनच येते. क्रॉसला (शाफ्टच्या सांध्यातला फुलीसारखा तुकडा) ग्रीस रोज.

वेळेबद्दल. सकाळचं दव पडलेलं पाचट चिवट असतं, कापलं जात नाही, गुंडाळलं जातं, म्हणून दहा-अकराशिवाय मशीन घालू नका, भाड्याचा ट्रॅक्टर सहा वाजता दारात आला तरी नाही. पण तोडणीनंतर आठवडाभरात उरका, उशीर केला की खोडव्याचे नवे कोंब चाकाखाली आणि ब्लेडखाली जातात.

आणि ही सगळी कटकट बघून कुणी काडी लावायचा विचार करत असेल तर नका लावू, हात जोडून सांगतो. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं आणि त्यात पालाश जवळपास 1 टक्का, सेंद्रिय कर्ब 32 ते 40 टक्के. कुट्टी झाली की टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका आणि पाणी द्या. एकरी 4 टन धरले तर युरिया 32 किलो होतो, 45 किलोचं पोतं पण पूर्ण लागत नाही, "एकरी दोन पोती मारा" म्हणणाऱ्याला त्याची दोन पोती खपवायचीत.

अनुदान: महाडीबीटीवर (राज्य सरकारचं योजनांचं संकेतस्थळ) कृषी यांत्रिकीकरणात अर्ज, फार्मर आयडी लागतो, अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती 50 टक्के, बाकी 40 टक्के, ठरलेल्या मर्यादेत. पूर्वसंमती हातात आल्याशिवाय मशीन घेऊ नका, "आधी घ्या, कागद नंतर करू" म्हणणाऱ्या दुकानातून तर मुळीच नाही.

हंगाम संपला की मशीन धुताना ब्रीदरवर पाण्याचा फवारा मारू नका, शाफ्ट काढून शेडमध्ये ठेवा, गिअरबॉक्समधलं जुनं तेल काढून नवं भरूनच ठेवा, म्हणजे पावसाळ्यात बेअरिंगला गंज धरणार नाही.