हातातला जीपीएस गाडीत बसवायचा कसा?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही चिंचवडचे सहाजण दर महिन्याला सह्याद्रीत फिरतो. गेल्या वर्षी वर्गणी काढून गार्मिन कंपनीचा इट्रेक्स 30, म्हणजे हातात धरायचा जीपीएस, जुनाच विकत घेतला. डोंगरात तो झकास चालतो. आता रतनगडाला निघालो आहोत. राजूरच्या पुढे आमच्या मोबाइलची रेंज जाते, म्हणून गाडीतही तोच वापरायचे ठरवले. गाडी माझ्या मेहुण्यांची, दहा वर्षांची. डॅशबोर्डला भोक पाडायचे नाही आणि काही चिकटवायचे नाही, असे त्यांनी आधीच बजावले आहे. मोबाइलच्या होल्डरमध्ये लावून पाहिला, तर नकाशा आपोआप लहानमोठा होत राहिला. होल्डरही दोनदा डॅशबोर्डवरून सुटून पडला. भरीस भर म्हणजे दिवसभर चार्जरला जोडून ठेवूनही रात्री सेल संपलेले. दोन दिवसांपुरता तो नीट बसेल असा काही उपाय आहे का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : यंत्र चांगले आहे, बिघडलेले काही नाही. आधी त्या लहानमोठ्या होणाऱ्या नकाशाचे पाहू. इट्रेक्स हातात घ्या आणि दोन्ही कडांवरून बोट फिरवा. बटणे कडांनाच आहेत, आणि नकाशा लहानमोठा करायची जोडीही तिथेच. मोबाइलचा होल्डर नेमका दोन्ही कडांना आवळून धरतो. रस्त्यात खड्डा आला की होल्डरचा जबडा बटण दाबतो, पुढच्या खड्ड्याला सोडतो. शिवाय इट्रेक्स सव्वातीन सेंटिमीटर जाड आहे. मोबाइलसाठी केलेले जबडे तेवढे खोल नसतात, त्यामुळे पकड अर्धवटच बसते.

म्हणून त्याला कडांना धरू नका, पाठीला धरा. पाठीवर खाचेची एक उभी पट्टी दिसेल. ती अडकवण्यासाठीच आहे. तिच्यात सरकून बसणारा सायकलच्या हँडलचा माउंट, म्हणजे यंत्र अडकवायची बैठक, मिळतो आणि काचेला लावायचा सक्शन कपवालाही मिळतो. दोन्ही घेऊन ठेवा. पुढच्या सगळ्या भटकंतीत ते कामाला येतील.

होल्डर का पडला? सक्शन कपला बाहेरची हवा दाबून धरते, आतली हवा आपण काढलेली असते. सहा सेंटिमीटर व्यासाच्या कपाचे क्षेत्रफळ सुमारे 28 चौरस सेंटिमीटर. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, म्हणजे हिशेबाने त्या कपावर 28 किलोंचा भार येतो. दीडशे ग्रॅमचे यंत्र त्याला काहीच नाही. पण हे सगळे कड हवाबंद असेल तरच. खडबडीत डॅशबोर्डवर प्रत्येक दाण्यामधून हवा आत शिरते, आणि दहा-पंधरा मिनिटांत कप सुटतो. त्यामुळे कप काचेलाच लावायचा. आधी काच आतून ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने. कप साध्या पाण्याने धुवून वाळवा. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे मारलेला असेल तर त्याचा तेलकट थर काचेवरही उडालेला असतो. तो स्पिरिटने काढा. एक केस कपाखाली राहिला तरी पकड जाते.

आता जागा. काचेवर मध्यभागी, आरशाखाली लावायचा मोह होतो. तिथे फास्टॅग असतो आणि नजरेसमोरचा रस्ताही अडतो. चालकाच्या सीटवर बसा आणि उजव्या खालच्या कोपऱ्याकडे पाहा. काचेच्या खांबापासून वीतभर आत आणि जमेल तितके खाली, ही मला सगळ्यात योग्य जागा वाटते. अगदी खांबाला खेटून लावू नका. खांबामागे आधीच एखादा पायी चालणारा किंवा मोटारसायकलवाला लपतो, त्या आडोशाची रुंदी आपण वाढवायची नाही. दांडा आखूड ठेवा आणि यंत्राची खालची कड डॅशबोर्डला टेकू द्या. मध्ये जुन्या हवाई चपलेच्या रबराचा एक तुकडा सारा. लांब दांड्यावर अधांतरी लटकलेला पडदा कच्च्या रस्त्यावर इतका थरथरतो की अक्षर लागत नाही. चालक मग वाचण्यासाठी डोळे रोखून बसतो, आणि ताशी 60 किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते.

या बाबतीत मी हळवी आहे, त्याचे कारण सांगते. विहिरींची पाणीपातळी मोजायच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. वर्षातून चार वेळा त्याच त्या विहिरींवर जायचे, टेप सोडायची, आकडा लिहायचा. जीपची सोय भाड्याने केलेली असे, आणि माझ्याजवळ पहिल्या पिढीचा पिवळा इट्रेक्स. 2007 च्या मे महिन्यात आम्ही कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून येत होतो. यंत्र मी डॅशबोर्डवर नुसते ठेवले होते, खाली रुमाल. एका वळणावर ते सरकले, चालकाच्या पायांशी पडले आणि घरंगळत ब्रेकच्या पायट्याखाली जाऊन बसले. त्याने ब्रेक दाबला तो अर्ध्यावरच अडला. त्या माणसाने घाबरून न जाता गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. कठड्यापलीकडे दरी होती. गाडी थांबल्यावर आम्ही दोघे बराच वेळ बोललो नाही. त्यानंतर मी गाडीत एकही वस्तू मोकळी ठेवलेली नाही. म्हणून कप कितीही घट्ट बसला तरी यंत्राची दोरी दांड्याला बांधा. सुटलेच तर ते लोंबकळेल, पण पायाशी जाणार नाही.

कच्च्या रस्त्यासाठी मी पुढे एक पिशवी शिवली. तुमच्या मेहुण्यांच्या गाडीचा डॅशबोर्ड सपाट असेल तर तुम्हालाही ती उपयोगी पडेल, आणि त्यांची हरकत असायचे कारण नाही. जुन्या जीन्सच्या पायाचा गुडघ्याखालचा तुकडा घ्या. आत सुती कापडाचे अस्तर घाला, नाहीतर शिवणीतून वाळू झिरपते. वाळू धुवून, उन्हात वाळवून, चाळून किलोभर भरा. पिशवी ठासून भरू नका, ती डॅशबोर्डच्या उंचसखलपणावर पसरली पाहिजे. तांदूळ भरायचा सल्ला पुष्कळजण देतात. मीही भरला होता, पावसाळ्यात त्यात पोरकिडे झाले. पिशवीच्या तळाला गालिचा घसरू नये म्हणून घालतात ती जाळीदार रबरी मॅट शिवून टाका. वरच्या बाजूला पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आडवा ठेवून दोन्ही टोकांना पक्का शिवा. सायकलचा माउंट त्या पाइपवर बसतो. पायजम्याची नाडी पिशवीला शिवून तिच्या टोकाला गाठ मारा, आणि ती गाठ ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या उजव्या कडेत अडकवून झाकण लावा. करकचून ब्रेक मारला तरी पिशवी जागची हलत नाही. मोठी धडक झाली तर ही नाडी पुरी पडणार नाही, म्हणून पिशवी फक्त गाडी सावकाश चालते त्या रस्त्यांवर. हमरस्त्याला काचेवरचा कप.

पिशवी असो की कप, एअरबॅगच्या झाकणावर काहीही ठेवायचे नाही. शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर जिथे 'एअरबॅग' अशी अक्षरे कोरलेली आहेत, तिथून ती क्षणार्धात फुटून बाहेर येते आणि वाटेतली वस्तू माणसाच्या तोंडावर फेकते. दोन्ही बाजूंच्या खांबांवर तशी अक्षरे असतील तर तिथेही तोच नियम.

सिग्नलची चिंता फार करू नका, पण यंत्र कसे झोपवता याला महत्त्व आहे. इट्रेक्सचा अँटेना चपटा आहे, त्याला पडदा आभाळाकडे असलेला आवडतो. अगदी उभा केला तर त्याचे तोंड गाडीच्या टपाकडे आणि मागच्या सीटकडे होते. खाटेवर तक्क्याला टेकून बसावे तसा तिरपा ठेवा. डोक्यावर शेंडीसारखा अँटेना असलेली यंत्रे मात्र उभीच बरी. निघण्यापूर्वी गाडीबाहेर उघड्यावर उभे राहून उपग्रहांचे पान पाहा, सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या पट्ट्या किती उंच आहेत ते लक्षात ठेवा, मग आत बसवून पुन्हा पाहा. थोड्या खाली येणारच, टप लोखंडाचे आहे. निम्म्याहून खाली आल्या तर काचेवर धातूचा थर असलेली फिल्म आहे का ते बघा, आणि डॅशकॅम लावलेला असेल तर तो बंद करून पाहा. स्वस्त डॅशकॅम आणि स्वस्त चार्जर दोघेही या नाजूक सिग्नलमध्ये खरखर मिसळतात. ते उपग्रह 20,200 किलोमीटरवरून बोलत असतात, त्यांचा आवाज मुळातच बारीक.

यंत्र घरातच चालू करून गाडीत बसू नका. अंगणात पाच मिनिटे स्थिर ठेवा. उपग्रहाला आपल्या कक्षेची माहिती सांगायला 30 सेकंद लागतात आणि ती सलग ऐकू यावी लागते. चालत्या गाडीत झाडे आणि इमारती मध्ये आल्या की ती तुटते आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून ऐकत बसते.

सेलचे म्हणाल तर इट्रेक्स 30 मध्ये चार्जर सेल भरत नाही. जोडलेला असेपर्यंत तो यंत्र चालवतो, इतकेच. रिचार्जेबल सेल असले तरी ते बाहेर काढून त्यांच्या चार्जरमध्येच भरावे लागतात. तुमची केबल वाटेत कुठेतरी ढिली झाली असणार, आणि पडद्याचा दिवा पूर्ण उजेडात जळत राहिला असणार. कंपनी दोन सेलवर 25 तास सांगते, पण भरपूर उजेड ठेवला तर तो हिशेब विसरायचा. तरी सेल काढून निव्वळ केबलवरही चालवू नका. इंजिन सुरू करताना सॉकेटची वीज क्षणभर जाते. आत चांगले सेल असतील तर यंत्र त्यांच्यावर तग धरते, नसतील तर बंद पडते. सेटिंगमध्ये सेलचा प्रकारही बरोबर निवडा, नाहीतर यंत्र त्यांची उरलेली ताकद चुकीची दाखवते. केबल स्टीअरिंगच्या आसपास लोंबू देऊ नका.

गाडीत बसल्यावर यंत्राचे प्रोफाइल, म्हणजे वापराचा प्रकार, 'ऑटोमोटिव्ह' करा, आणि उतरल्यावर परत बदलायला विसरू नका. गाडीचा ट्रॅक, म्हणजे कापलेल्या वाटेची नोंद, वेगळा जतन करा. तसे केले नाही तर ट्रेकचा सरासरी वेग ताशी 40 दिसतो आणि पुढच्या गटाला त्या नोंदीचा उपयोग नसतो. इट्रेक्स 30 मध्ये होकायंत्र आहे, तेव्हा लोहचुंबकवाला माउंट चुकूनही वापरू नका. रतनवाडीत उतरलात की गाडीपासून वीसेक पावले लांब, अमृतेश्वराच्या मंदिराकडे जा आणि तिथे होकायंत्र कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याच्या दिशा नव्याने जुळवून घ्या. दुपारी गाडी उन्हात उभी राहणार असेल तर यंत्र काढून सॅकमध्ये न्या. तापलेल्या डॅशबोर्डवर सेल पाझरतात आणि पडदा काळवंडतो.

नियमाचेही लिहिते, कारण वाचक नेहमी विचारतात. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या बदलानुसार हातातले यंत्र गाडी चालवताना केवळ रस्ता शोधण्यासाठी वापरता येते, तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. तुम्ही सहाजण आहात. बटणे शेजारी बसणाऱ्याने दाबावीत. एकटे असाल तर गाडी कडेला घ्या.

प्रश्न : मी रात्रीच्या एसटीने पुण्याहून गावी जाते, संगमेश्वर तालुक्यात. पहाटे अंधारात फाट्यावर उतरायचे असते. दोनदा झोप लागली आणि फाटा मागे राहिला. वडिलांचा इट्रेक्स 20 घरी पडून आहे. तो एसटीत कसा लावता येईल?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : एसटीत कप लावू नका. सरकत्या काचा दणादणा हलतात आणि कप रात्रीत केव्हातरी निसटतो. खिडकीची जागा घ्या. यंत्र दोरीने मनगटाला बांधा आणि मांडीवरच्या पिशवीवर, खिडकीच्या बाजूला, पडदा वर करून ठेवा. अर्धे आभाळ दिसले तरी पुरते, चार उपग्रह मिळाले की काम होते. घाटात कड्याच्या बाजूला काही मिनिटे जागा चुकेल, उतार संपला की सापडेल.

उतरायचा फाटा पुढच्या खेपेला दिवसा जाल तेव्हा वेपॉइंट, म्हणजे यंत्रात साठवलेली खुणेची जागा, म्हणून नोंदवा. मग 'प्रॉक्सिमिटी अलार्म'मध्ये, म्हणजे जागा जवळ आल्याच्या इशाऱ्यात, तो निवडून दोन किलोमीटरचे अंतर टाका. तेवढे जवळ आलात की यंत्र वाजेल. सॅक वरून काढून दारापर्यंत यायला दोन किलोमीटर पुरतात, एक कमी पडतो. आवाज चालू आहे की नाही ते घरीच तपासा, सेल नवे घाला, आणि कंडक्टरला फाट्याचे नाव चढतानाच सांगून ठेवा.