एका रक्ताचे दोन आकडे

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी तू महिन्याभरात अमेरिकेत येशील. ‘कृष्णवर्णीय पेशंटशी कसं वागायचं?’ असं तू फोनवर विचारलंस. गोड वागणं तुला जमेल रे. मीही गोडच वागत होतो.

तेव्हा किडनीच्या रिपोर्टवर ईजीएफआरचे, म्हणजे किडनी किती काम करतेय त्याचे, दोन आकडे छापून यायचे, एक कृष्णवर्णीयांसाठी आणि एक बाकीच्यांसाठी. रक्त तेच, ज्यावरून हा आकडा काढतात ते रक्तातलं क्रिएटिनिन तेच. पण २००९च्या सूत्रात कृष्णवर्णीय पेशंटचा आकडा १.१५९ने गुणायचा, म्हणजे किडनी कागदावर होती त्याहून बरी दिसायची. माझ्याकडे एक बस ड्रायव्हर यायचे. गुणाकाराशिवाय त्यांचा आकडा १८ होता, गुणल्यावर २१. किडनी प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत दिवस मोजले जायला तो २० किंवा त्याखाली लागतो. मी २१ या आकड्याभोवती पेनने गोल काढला आणि म्हणालो, “तीन महिन्यांनी या.” तुमचा वंश कोणता, हेही विचारलं नव्हतं. नुसतं बघून ठरवलं.

तो गुणक २०२१मध्ये सूत्रातून गेला. २०२३मध्ये अशा पेशंटचा हुकलेला काळ मोजून देणं प्रत्यारोपण केंद्रांना बंधनकारक झालं. त्या बस ड्रायव्हरांचा जुना रिपोर्ट शोधून पाठवला तेव्हा माझे हात कापत होते.

ऑक्सिमीटरचंही तसंच. मिशिगनमधल्या डॉक्टरांनी २०२० साली दाखवलं, की यंत्र ९२ ते ९६ टक्के सांगत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी ऑक्सिजन निघण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के होतं, कृष्णवर्णीयांमध्ये ११.७. तेव्हा यंत्र ९४ दाखवतंय आणि पेशंट धाप लागते म्हणतोय, तर पेशंटचं ऐक. धमनीतलं रक्त तपासायला पाठव.

आता आपल्या घरातलं. आडनाव विचारून माणूस तोलायची सवय आपल्यातल्या कितीतरी जणांच्या हाडीमासी भिनलेली असते, ती विमानात बसलो म्हणून सुटत नाही. इथे आपल्याच डॉक्टर मंडळींच्या जेवणावळींत कृष्णवर्णीय पेशंटबद्दल ‘हे लोक औषधं घेतच नाहीत’ असं बोललेलं मी ऐकलंय, आणि खाली मान घालून जेवलोय. तू तसं करू नकोस. औषध का घेतलं नाही ते पेशंटला विचार. बहुतेकदा उत्तर किमतीत किंवा कामाच्या पाळीत सापडतं.

आलास की पहिल्या शनिवारी दवाखान्यात ये. जुन्या फायली मी अजून चाळतोय, तुझी मदत होईल.

तुझा,
काका