गोड जर्मन रीसलिंग गुलाबजामबरोबर चालेल का?

तुमच्या भावाने जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्यातली रीसलिंग श्पेटलेझे (रीसलिंग द्राक्षाची, उशिरा तोडणीची पांढरी वाइन) आणलीय, लेबलवर ८ टक्के अल्कोहोल आहे आणि वाइन गोड असल्यामुळे ती जेवणानंतर गुलाबजामबरोबर उघडावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: नको. पाकाची चव जिभेवर असताना ही वाइन घेतली की तिचा गोडवा जाणवतच नाही, नुसता आंबटपणा उरतो. गोडाबरोबर वाइन द्यायची तर ती त्या पदार्थाहून गोड असावी लागते, आणि आपल्या पाकातल्या मिठाईपुढे श्पेटलेझेचा निभाव लागत नाही.

ही वाइन जेवताना प्यायची. मी मोझेलकाठी ट्रियरला राहते. इथे गोडसर रीसलिंग लोण्यात परतलेल्या ट्राउट माशाबरोबर, भाजलेल्या डुकराच्या मांसाबरोबर मजेत घेतात. मला स्वतःला ती सगळ्यात आवडते फ्लामकुखनबरोबर. पापडाइतक्या पातळ लाटलेल्या पोळीवर आंबटसर क्रीम, कांदा आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालून ती भट्टीत भाजतात, कडा करपेपर्यंत. त्या खारट, चरबीदार घासावर थंडगार रीसलिंगचा घोट घेतला की तोंड एकदम स्वच्छ होतं आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

असं का होतं, तर मोझेलचं खोरं जवळजवळ ५० अंश अक्षांशावर आहे. थंडीमुळे द्राक्षं सावकाश पिकतात, त्यामुळे साखर भरली तरी आंबटपणा टिकून राहतो. पुढे सगळ्या साखरेचं अल्कोहोल होण्याआधीच आंबण्याची क्रिया थांबवतात. म्हणून बाटलीत अल्कोहोल कमी आणि साखर शिल्लक. तिखट जेवणाला नेमकं हेच हवं असतं. जास्त अल्कोहोलने मिरचीची आग भडकते, साखरेने ती निवते. थाई जेवणाबरोबर रीसलिंग सुचवतात ती याचमुळे.

म्हणजे तुमच्या घरच्या स्वयंपाकाला ती परकी नाही. रवा लावून तळलेली सुरमई, कोळंबी फ्राय, कोथिंबीर वडी यांच्याबरोबर बिनधास्त उघडा. कोल्हापुरी बेत असेल तर पांढऱ्या रश्श्याबरोबर घ्या. तांबड्याबरोबर नको, त्यातल्या मसाल्याखाली वाइनचा वास पार दबून जातो, आणि या वाइनची निम्मी गंमत वासातच आहे. हिरवं सफरचंद, पीच, कधी मधाची छटा.

पुढे स्वतः विकत घ्याल तेव्हा एक लक्षात ठेवा. श्पेटलेझे म्हणजे उशिरा तोडलेली द्राक्षं; तो शब्द द्राक्षाच्या पिकलेपणाबद्दल आहे, बाटलीतल्या गोडीबद्दल नाही. त्यामुळे ‘श्पेटलेझे ट्रोकन’ असंही लेबल दिसेल, आणि ती वाइन गोड नसते. सोपी खूण अल्कोहोलची: ८-९ टक्के असेल तर गोड, १२ च्या आसपास असेल तर बहुतेक कोरडी, म्हणजे गोड नसलेली. पिकलेपणाच्या याच पायऱ्यांपैकी काबिनेट श्पेटलेझेहून हलकी, आउसलेझे साधारण जास्त गोड. खरोखर गोडाबरोबरच घ्यायची असेल तर आइसवाइन शोधा. तिची द्राक्षं उणे ७ अंश किंवा त्याखाली, वेलीवर गोठलेली असतानाच तोडतात. ती महाग असते, पण फळांचा टार्ट किंवा निळी बुरशी असलेलं खारट चीज यांच्याबरोबर अप्रतिम लागते.

बाटली फ्रिजमध्ये नीट थंड करा, ८ ते १० अंशांवर ती छान लागते. फार गार झाली तर वास बंद होतो, तेव्हा ग्लासात पाच-दहा मिनिटं राहू द्या. घाई नसेल तर थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवून द्या; चांगली श्पेटलेझे दहा वर्षंही सहज टिकते. जुन्या रीसलिंगला किंचित पेट्रोलसारखा वास येतो, तो तिचा स्वभावच आहे. आणि तळाशी किंवा बुचाला काचेच्या कणांसारखे पांढरे खडे दिसले तर बाटली फेकू नका. ते द्राक्षातल्याच आम्लाचे स्फटिक असतात, निरुपद्रवी. हलक्या हाताने ओता, म्हणजे ते बाटलीतच राहतील.