मुंडी उकळू नकोस

प्रिय,

तुझी चित्रांची वही चाळली, सोबतचं पत्रही वाचलं. बकऱ्याच्या कवटीचं चित्र जोरकस आहे, पण वरच्या जबड्यात ते पुढचे सहा दात कुठून आणलेस? बकऱ्याला वर पुढचे दात नसतातच, तिथे नुसती टणक हिरडी असते. खाली मात्र आठ. म्हणजे समोर कवटी नव्हती, मोबाइलवरचा फोटो होता आणि त्यावर तू थोडी भीती चोपडलीस. भीती नंतर. आधी हाड.

'घरचे म्हणतात हे अभद्र आहे, सोडून देऊ का?' यावर मी शाई घालवणार नाही. वेरूळच्या 21 क्रमांकाच्या लेण्यात सांगाडेच कोरलेत, अगदी बरगड्यांसकट. ते बघायला हेच घरचे तिकीट काढून जातात. तुझा खरा घोटाळा दुसऱ्या प्रश्नात आहे: कवटी साफ करायला मुंडी कुकरला लावली तर चालेल का?

नाही. उकळू नकोस. उकळलं की चरबी वितळून हाडात मुरते आणि पुढे पिवळे, तेलकट डाग होऊन वर येते. हाडाला धरून ठेवणाऱ्या कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि हाड कमजोर पडतं. नाकातल्या कागदासारख्या पातळ गुंडाळ्या मोडतात. काम एका दिवसात उरकतं, हे कबूल. त्याच मोहापायी माझ्या सुरुवातीच्या कवट्या गेल्या, आणि त्या परत मिळत नाहीत.

मटणाच्या दुकानात मुंडी माग, अख्खी, न भाजलेली. भेजासाठी ते सवयीने फोडतात, म्हणून आधीच बजाव. शक्यतो जून जनावराची घे, कोवळ्या कवटीचे सांधे सुटतात. हातमोजे घालून कातडं आणि जमेल तेवढं मांस काढ. भेजा मागच्या भोकातून, वाकवलेली तार आणि पाण्याची धार वापरून. मग झाकणाच्या बादलीत साधं पाणी, मुंडी पूर्ण बुडेल इतकं. झाकण सैल ठेव. बादली गच्चीवर किंवा परसात, स्वयंपाकघराच्या आसपासही नको. उरलेलं मांस कुजवून सोडवायचं काम जंतू करतात, म्हणूनच उकळू नकोस: त्यांना ऊब हवी, चटका नको. चार-पाच दिवसांनी अर्धंच पाणी बदल. सगळं ओतलंस तर जंतूही जातात आणि काम पुन्हा पहिल्यापासून. उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे, थंडीत महिना-दीड महिना. वास भयंकर येतो, त्यावर उपाय नाही. शिंगांची टरफलं सैल झाली की हातानेच ओढून वेगळी ठेव. पाणी ओतताना चहाची गाळणी धर, खालचे पुढचे दात गळून तळाशी बसलेले असतात. जबडाही मधोमध सुटेल. घाबरू नकोस, सुकल्यावर फेव्हिकॉल आहे.

मग चरबी काढायला कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड. पाणी गढूळलं की बदल, आणखी दोन आठवडे तरी. हा टप्पा सगळे गाळतात आणि मग 'पिवळी पडली' म्हणून रडतात.

शेवटी पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साईड. औषधाच्या दुकानात 6 टक्क्यांचं मिळतं, तितकंच पाणी घालून 3 कर. प्लास्टिकच्या डब्यात एक दिवस, झाकण घट्ट न लावता, कारण आत वायू साठतो. कपड्यांचं ब्लीच मात्र कधीच नको, हाड आतून खडूसारखं भुसभुशीत होतं.

लोक म्हणतात, एका कवटीसाठी दोन महिने? अठराव्या शतकातल्या जॉर्ज स्टब्स या इंग्लिश चित्रकाराने घोड्यांची मढी टांगून, थरामागून थर सोलत दीड वर्ष चित्रं काढली. मग माझ्या दोन महिन्यांत काय वेडेपणा आहे?

रानात सापडलेली कवटी, नखं, सुळे मात्र घरी आणायचे नाहीत. 1972 च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित प्राण्याचं हाड नुसतं जवळ ठेवणंही गुन्हा आहे, जनावर आपसूक मेलेलं असलं तरी. तिथेच थांबून चित्र काढ. फोटो घेताना शेजारी दहाचं नाणं ठेव, ते 27 मिलिमीटरचं असतं, माप चुकत नाही. आणि नाकातोंडातून रक्त आलेलं मेलेलं जनावर दिसलं तर जवळही जाऊ नकोस, तो फाशी रोग, म्हणजे माणसालाही लागणारा अँथ्रॅक्स, असू शकतो. थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात कळव.

मुंडी आणायला सकाळी लवकर जा. उशीर केलास की फोडलेल्याच उरतात.