‘बेतलेला’ सिनेमा आणि मापाचा ब्लाउज

अमळनेरच्या एका वाचकाने विचारलंय : “‘श्यामची आई’ हा चित्रपट पुस्तकावर ‘बेतलेला’ कसा म्हणायचा? बेततं ते जिवावर. त्यापेक्षा ‘पुस्तकावर बनलेला’ बरं नाही का?”

मुळीच बरं नाही. ‘किताब पर बनी फिल्म’ जशीच्या तशी उचलली की हे असलं मराठी तयार होतं. दुसरा ताप ‘अडॉप्ट केलेला सिनेमा’. अडॉप्ट मूल करतात. पुस्तकाचं होतं ते अडॅप्टेशन.

भरीत-पुरीचा बेत सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडू. खरा बेतणारा शिंपी. कापड बेतणं म्हणजे मापाने आखून कापणं. हिंदीतलं ‘ब्योंतना’ हेच, ‘कतरब्योंत’ त्यातलीच. शिंप्याकडे ब्लाउज टाकताना आपण ८० सेंटीमीटर कापडाबरोबर मापाचा जुना ब्लाउज देतो. सुती कापड आटतं, म्हणून ते आधी भिजवून वाळवायचं. मग त्यावर जुना ब्लाउज पसरून खडूने कड आखायची, शिलाईला दाब, म्हणजे कडेचं जादा कापड, सोडायचा आणि मगच कातर लावायची. दाब विसरला तर बगलेत काचणार, आणि पुढे उसवून सैल करायलाही जागा उरणार नाही. कातर चालते ती नव्या कापडावर. मापाचा ब्लाउज घडी करून परत मिळतो, एक टाकासुद्धा न उसवता.

पुस्तक म्हणजे तो मापाचा ब्लाउज! नवं कापड सिनेमाचं. ‘चित्रपट’मधला पट म्हणजे कापडच की. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त ४२ रात्री आहेत, प्रत्येक रात्रीची आठवण वेगळी. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण १ मिनिट. दोन-अडीच तासांत ४२ रात्री मावायच्या कशा? काही गाळाव्या लागतात, काही सांधाव्या लागतात, आणि श्यामच्या मनातलं जे आहे ते त्याच्या हातून घडताना दाखवावं लागतं. अत्र्यांनी १९५३ साली नवं कापड बेतलं; राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. पुस्तकाच्या ४२ रात्री जागच्या जागी आहेत. म्हणून चित्रपट पाहून ‘पुस्तक कापलं’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

आता जिवावर बेतणं. हे आणि शिंप्याचं बेतणं एकच मानणारे जाणकार आहेत. ते चुकतात, असं माझं ठाम मत आहे. कातरीपासून संकटापर्यंत अर्थ ओढत न्यायचा कसा, हे त्यांनी एकदा नीट दाखवावं. जिवावरचं बेतणं मला हिंदी ‘बीतना’चं भावंड वाटतं. बऱ्हाणपूरकडची हिंदी खानदेशात रोज कानावर पडते. ‘मुझ पर जो बीती’ आणि ‘माझ्यावर जे बेतलं’ शेजारी ठेवून बघा. रचनाही साक्ष देते. शिंपी कापड बेततो, तिथे कर्ता आहे, कर्म आहे. जिवावर बेततं तेव्हा बेतणारा कोणीच नसतो, ते आपसूक येऊन कोसळतं. उच्चार जवळ आले म्हणून दोन शब्द एका घरात राहू लागले, एवढंच.

तेव्हा ‘पुस्तकावर बेतलेला’ बिनधास्त लिहा. ‘आधारित’ही चालेल, पण त्यात कापडाचा वास नाही. ‘पुस्तकातून बेतलेला’ मात्र नको. तसं लिहिलं की कातर पुस्तकालाच लागते.